तपासणीला गाडी नेण्याआधी

रोज गाडी चालवणाऱ्यालाच तिचं दुखणं सगळ्यात उशिरा कळतं. ब्रेकचं पेडल केसाकेसाने खाली जात असतं, पाय नकळत तेवढा जास्त दाबायला लागतो आणि मालक मला ठणकावून सांगतो, "ब्रेक एकदम मस्त आहेत." ज्याच्या पायाला ही सवय लागलेली नाही अशा कुणीतरी मधूनमधून गाडी बघायला हवी, म्हणून तपासणी.

मी आधी टायरकडे बघतो. मधला पट्टा झिजलाय, तर हवा जास्त भरली जात होती. दोन्ही कडा झिजल्यात, तर कमी. एकच कड गेली असेल तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचा कोन, बिघडलंय किंवा खाली काहीतरी सैल झालंय. ते न बघता नवा टायर टाकलात तर तोही तसाच खाल्ला जाईल. खाचेच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात, साधारण १.६ मिलिमीटरचे. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. पावसाळी रस्त्यांसाठी मी तर तिथवर थांबूच नका म्हणतो. टायरच्या बाजूला 'DOT' (डॉट) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीत शेवटचे चार आकडेही वाचा: २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. कमी चालणाऱ्या गाडीची नक्षी कोरी दिसते, पण रबर कडक होऊन भेगाळलेलं असतं.

ब्रेक पॅड लोक विचारतात, ब्रेक ऑइल कुणी विचारत नाही. हे ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ४ या दर्जाचं नवं ब्रेक ऑइल २३० अंश सेल्सिअसपर्यंत तरी उकळत नाही. ओल धरल्यावर ही हद्द १५५ च्या आसपास येऊ शकते. सपाट रस्त्यावर काही जाणवत नाही. लांब उतारावर ब्रेक तापले की ऑइलची वाफ होते, पेडल थेट तळाला टेकतं आणि गाडी थांबत नाही.

दिवे, वायपर, हॉर्न घरीच बघून घ्या. सीटबेल्टला झटका देऊन तो अडकतो का बघा.

इंजिनचा दिवा पेटलाय म्हणून आदल्या रात्री बॅटरीची तार काढणारे काही हुशार असतात. दिवा विझतो खरा, पण गाडीच्या संगणकाने स्वतःच्या केलेल्या चाचण्याही पुसल्या जातात. यंत्र जोडून बघणाऱ्याला त्या अपूर्ण दिसतात आणि गाडी परत येते. आधी बिघाड दुरुस्त करा, मग काही दिवस गाडी नेहमीसारखी चालवा आणि मगच न्या. दिवा लुकलुकत असेल तर मात्र चालवत राहू नका. इंजिनात न जळलेलं इंधन धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळून टाकतं.

तपासणी झाल्यावर "सगळं ठीक आहे" एवढ्यावर सोडू नका, मापं लिहून मागा. पॅड डावीकडे सात आणि उजवीकडे तीन मिलिमीटर उरले असतील, तर नुसते पॅड बदलून भागणार नाही, उजवा कॅलिपर (पॅड दाबणारा भाग) अडकतोय का ते आधी बघायला सांगा.