दुर्मिळ ग्रंथांच्या ग्रंथालयाची फेलोशिप: अर्जाआधीपासून परतीपर्यंतची तयारी

आधी संग्रह बघा, फेलोशिपची जाहिरात नंतर. बरेच जण नेमकं उलट करतात. जाहिरात दिसली की हाताशी असलेला पीएचडीचा प्रस्ताव उघडायचा, त्यात ग्रंथालयाचं नाव घालायचं आणि पाठवून द्यायचा. निवड समितीच्या हे पहिल्या परिच्छेदातच लक्षात येतं. शिकागोचं न्यूबेरी, कॅलिफोर्नियातलं हंटिंग्टन, वॉशिंग्टनचं फोल्जर, जर्मनीत वोल्फेनब्युटेलचं हेर्त्सोग आउगुस्ट ग्रंथालय, या संस्था मानव्यविद्येच्या अभ्यासकांना वृत्ती, म्हणजे फेलोशिप, देतात ती आपल्याकडचे कागद कुणीतरी नीट वाचावेत म्हणून. तेव्हा अर्ज लिहिण्यापूर्वी स्वतःला विचारा, हे काम इथेच का करायचं? उत्तरात ठरावीक हस्तलिखितांचे, पत्रसंग्रहांचे, नकाशांचे संकेतांक, म्हणजे ग्रंथालयाने त्यांना दिलेले ओळखक्रमांक, देता येत नसतील, तर अर्ज अजून तयार नाही.

हे उत्तर शोधताना डिजिटल प्रतींचाही हिशेब मांडावा लागतो. मजकूर घरबसल्या पडद्यावर वाचता येत असेल, तर तिथे जाण्याचं कारण मजकुरापलीकडचं हवं. फोल्जरचं उदाहरण घ्या. शेक्सपिअरच्या 1623 सालच्या फर्स्ट फोलिओच्या, म्हणजे त्याच्या नाटकांच्या पहिल्या एकत्रित आवृत्तीच्या, तब्बल 82 प्रती तिथे आहेत. एकाच पुस्तकाच्या इतक्या प्रती कशाला, असं वाटेल. पण त्या काळी छपाई चालू असतानाच खिळे बदलून दुरुस्त्या होत, आणि आधी छापलेले सदोष कागदही फेकले जात नसत. त्यामुळे एक प्रत दुसरीसारखी तंतोतंत नसते. शेक्सपिअरच्या छापील प्रतींचे अभ्यासक चार्ल्टन हिनमन यांनी दोन प्रतींची पानं एकावर एक दिसतील असं यंत्र बनवून या प्रतींची तुलना केली, आणि छापखान्यात काम कसं चाललं होतं ते उलगडून दाखवलं. असा प्रश्न एका स्कॅनवरून सुटत नाही. कागदातली जलचिन्हं, बांधणी, समासातल्या नोंदी, शेजारी शेजारी ठेवून पाहायच्या प्रती, यांपैकी तुम्हाला काय हवं आहे ते अर्जात स्पष्ट लिहा.

यानंतरचं काम सर्वांत वेळखाऊ आणि माझ्या मते सर्वांत मोलाचं: संग्रहसूची, म्हणजे फाइंडिंग एड, सावकाश वाचणं. ग्रंथालयाच्या कॅटलॉगमध्ये पुस्तक विषयावरून सापडतं. अभिलेखांचं, म्हणजे जतन केलेल्या मूळ कागदपत्रांचं, तसं नसतं. कागद ज्या व्यक्तीकडे किंवा कार्यालयात तयार झाले, त्यांच्या नावाखाली ठेवायचे, हे तत्त्व फ्रान्समध्ये 1841 च्या परिपत्रकाने घालून दिलं. शक्यतो मूळ क्रमही राखायचा, हे तत्त्व नंतर आलं, आणि आज दोन्ही जगभर पाळली जातात. म्हणून ‘स्त्रीशिक्षण’ असा शब्द टाकून फारसं हाती लागत नाही. त्याऐवजी विचारायचं की या विषयावर कुणी कुणाला पत्र लिहिलं असतं, कोणत्या संस्थेला वार्षिक अहवाल द्यावा लागला असता, कुणाच्या हिशेबवहीत शिक्षिकेचा पगार नोंदला गेला असता. अशी माणसं आणि कार्यालयं हेरली की त्यांचे संग्रह सापडतात. सूचीतला संग्राहकाचा इतिहास आणि कागद ग्रंथालयात कसे आले याची नोंद वगळू नका. कुटुंबाने काय दिलं आणि काय स्वतःकडे ठेवलं, याचा सुगावा बहुधा तिथेच लागतो.

सूचीत आकारमानही दिलेलं असतं, अमेरिकेत ते बहुधा रेषीय फुटांत, म्हणजे फळीवर किती लांबीची जागा लागते त्यावरून. अभिलेखांची नेहमीची उभी पेटी साधारण 5 इंच रुंद असते, म्हणजे 10 फुटांचा संग्रह जवळपास 24 पेट्यांचा झाला. आतले कागद टंकलिखित आहेत की घाईघाईच्या हस्ताक्षरात, यावर एक पेटी अर्ध्या दिवसात संपेल की आठवडा खाईल ते ठरतं. महिन्याभराच्या वृत्तीसाठी शंभर पेट्यांची यादी देणाऱ्याने काम मोजलेलंच नाही, हे परीक्षकाला दिसतं. आठवडावार आखणी करा. आधी वाचायलाच हवं असं काय आणि वेळ उरल्यास काय, हेही लिहा.

मग संबंधित अभिरक्षकाला (संग्रह सांभाळणाऱ्या क्युरेटरला) किंवा संदर्भ ग्रंथपालाला ईमेल करा. पत्र छोटं आणि नेमकं असावं. अमुक संग्रह वाचकांसाठी खुला आहे का, काही भाग ठरावीक काळ बंद ठेवण्याची देणगीदाराची अट आहे का, सामग्री दूरच्या साठ्यात, जतनकामासाठी किंवा स्कॅनिंगला गेलेली नाही ना, आणि सूचीत अजून न आलेलं काही आहे का, एवढं विचारलं तरी पुरे. शेवटच्या प्रश्नातून कधी कधी सबंध प्रकल्पाची दिशा बदलते, म्हणून तो विचारायला संकोचू नका.

प्रस्ताव तुमच्या विषयाबाहेरच्या वाचकासाठी लिहा, कारण समितीत कलेतिहासाचे, साहित्याचे, धर्माभ्यासाचे लोक एकत्र बसतात. प्रश्न पहिल्या काही वाक्यांत यावा, उपशाखेतले वाद नंतर. अल्पकालीन आणि दीर्घकालीन वृत्तींतला फरकही ओळखा. एक-दोन महिन्यांची वृत्ती ठरावीक साहित्य पाहण्यासाठी असते. शैक्षणिक वर्षभराची बहुधा पीएचडी झालेल्यांसाठी असते आणि तिच्यात पुस्तकाचं लेखन पुढे सरकावं अशी अपेक्षा असते. शिफारसपत्रासाठी किमान महिनाभर आधी विचारा, सोबत प्रस्तावाचा मसुदा द्या. गुरुजनांनी ‘हुशार आणि मेहनती’ असं लिहून भागत नाही, या संग्रहाची तुम्हाला गरज का आहे हे त्यांनाही माहीत असायला हवं. अमेरिकेतल्या बऱ्याच मुदती नोव्हेंबर ते जानेवारीच्या दरम्यान येतात, म्हणजे सूचीवाचन त्याआधीच्या उन्हाळ्यात सुरू झालेलं बरं.

पैशाचं आधीच विचारून घ्या. वृत्तीतून प्रवास, घरभाडं आणि आरोग्यविमा भागवायचा आहे का, राहण्याची सोय आहे का, कर कापला जाईल का. परदेशी अभ्यासकाला अमेरिकेत जायचं तर बहुधा जे-1 व्हिसा लागतो आणि त्यासाठी यजमान संस्थेकडून डीएस-2019 हा फॉर्म यावा लागतो. तो हाती येईपर्यंत तिकीट काढू नका.

निकाल ते प्रयाण या काळात लिपी शिका. सोळाव्या-सतराव्या शतकातलं इंग्रजी ‘सेक्रेटरी’ हे हस्ताक्षराचं वळण किंवा ‘कुरेंट’ ही जुनी जर्मन हस्तलिपी तिथे पोहोचल्यावर शिकायला घेतली, तर वृत्तीचे दिवस अक्षरं लावण्यात जातात. ट्रान्सक्रिबससारखं साधन हस्ताक्षर वाचून देतं आणि त्याचा उपयोगही होतो, पण यंत्राचं वाचन पडताळायला माणसाचा सराव लागतोच.

वाचनकक्षात शिसपेन्सिल, लॅपटॉप आणि आवाज बंद केलेला फोन एवढंच न्यायचं असतं. शाईचं पेन आणि पिशवी बाहेर लॉकरमध्ये. जुन्या कागदाला पांढरे हातमोजे लागतात हा समज सोडा, स्वच्छ कोरडे हात जास्त सुरक्षित, कारण मोज्यातून कागदाची कड जाणवत नाही. छायाचित्रांची गोष्ट निराळी, तिथे मोजे मागितले जातात. एका वेळी एकच फोल्डर उघडा आणि आतला क्रम हलवू नका. फोटो काढायची परवानगी असेल तर प्रत्येक फोल्डरचा पहिला फोटो त्याच्या लेबलचा घ्या आणि रोज संध्याकाळी ते नावं देऊन लावा. ट्रॉपी हे मोफत सॉफ्टवेअर याच कामासाठी बनवलं आहे. मात्र हजारो फोटो घेऊन घरी वाचू, या बेतावर सगळी वृत्ती खर्चू नका. कागद समोर असताना सुचणारा पुढचा प्रश्न तिथल्या तिथे दुसरी पेटी मागवून तपासता येतो, आणि शेजारच्या टेबलावरच्या फेलोशी बोलून नवा संग्रह कळतो.

छापण्याची परवानगी हा वेगळा विषय. पत्र ग्रंथालयाच्या मालकीचं असलं तरी त्यातल्या मजकुराचा कॉपीराइट बहुधा लिहिणाऱ्याच्या वारसांकडे असतो. ब्रिटनमध्ये तर कितीतरी जुन्या अप्रकाशित लेखनाचा कॉपीराइट 2039 च्या अखेरपर्यंत चालू राहणार आहे. लांब उतारे घ्यायचे असतील तर वारसांचा शोध तिथे असतानाच सुरू करा, अभिरक्षकाला त्यांचा पत्ता पुष्कळदा माहीत असतो.

परतल्यावर संकेतांक ग्रंथालयाने सांगितलेल्या पद्धतीनेच उद्धृत करा. बिनतारखेच्या पत्राची तारीख लागली असेल, सूचीत चुकीच्या माणसाच्या नावावर गेलेलं हस्ताक्षर ओळखलं असेल, तर पुराव्यासह अभिरक्षकाला कळवा, म्हणजे सूचीत दुरुस्ती होईल. लेख प्रसिद्ध झाला की त्याची प्रतही पाठवा. आणि निवड झाली नसेल तर समितीचा अभिप्राय मिळतो का ते विचारा, संग्रहाची यादी आणखी नेमकी करा आणि पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज भरा.