ऑफ-ड्राय व्हाइट वाइनची द्राक्षे: गोडीआधी आम्लता सांभाळा

मण्यांत पाणी उतरू लागले, म्हणजे मणी मऊ होऊन पिकू लागले, की बहुतेक बागायतदारांचा डोळा ब्रिक्सवर, म्हणजे रसातल्या साखरेच्या मापावर असतो. खाण्याच्या द्राक्षांना ते ठीक आहे. पण माल ऑफ-ड्राय, म्हणजे किंचित गोडसर व्हाइट वाइनसाठी द्यायचा असेल किंवा ती वाइन स्वतःच करायची असेल, तर काढणीपर्यंत आधी आम्लता पाहावी, मग गोडी. या वाइनमध्ये लिटरमागे ढोबळमानाने 5 ते 18 ग्रॅम साखर मुद्दाम शिल्लक ठेवतात. तिला तोलणारे आम्ल नसेल तर वाइन गुळमट लागते. पहिला घोट आवडतो, पण ग्लास संपत नाही.

युरोपीय संघाच्या लेबल नियमांतही हा तोल धरलेला आहे. ‘मीडियम ड्राय’ लिहायचे तर साखर लिटरला 12 ग्रॅमपर्यंत असावी लागते. मात्र साखरेचा आकडा आम्लतेच्या आकड्यापेक्षा 10 ग्रॅमहून जास्त पुढे नसेल, तर 18 ग्रॅमपर्यंत मुभा आहे. म्हणजे 17 ग्रॅम साखर ठेवायची तर आम्लता किमान 7 ग्रॅम हवी. फ्रान्समधील वूव्रेची शेनिन ब्लांक आणि जर्मनीतील मोझेलची रीसलिंग या द्राक्षजातींच्या वाइन या प्रकारात नावाजल्या, त्यामागे थंड हवेत टिकून राहणारी आम्लता आहे. उबदार भागात मण्यातले मॅलिक आम्ल श्वसनात भराभर खर्च होते. टार्टारिक आम्ल त्या मानाने टिकते. त्यामुळे रात्री उकाडा असेल, तर आठवड्याभरात चव बदललेली दिसते.

घडांभोवतीची पाने सरसकट काढू नयेत. सकाळचे ऊन येते त्या बाजूची थोडी काढावीत, म्हणजे हवा खेळेल आणि दव लवकर सुकेल. दुपारच्या बाजूची राहू द्यावीत. रीसलिंगचे घड उन्हात फार उघडे पडले तर पुढे वाइनला केरोसीनसारखा वास येतो. शेनिन ब्लांकचे घड घट्ट असतात, आत ओल राहिली की कूज लागते. शिवाय घड एकसारखे पिकत नाहीत, म्हणून काढणी दोन फेऱ्यांत करण्याची तयारी ठेवावी. गेवुर्त्सट्रामिनर या सुगंधी जातीची आम्लता लवकर घसरते. सुगंध अजून वाढेल या आशेने ती वेलीवर ठेवू नये.

पानांच्या देठांच्या तपासणीत कमतरता दिसत नसेल तर आता पोटॅश, म्हणजे पोटॅशियमचे खत, सोडू नये. रसात पोटॅशियम वाढले की ते टार्टारिक आम्लाशी बांधले जाऊन तळाला बसते आणि पीएच चढतो, म्हणजे रसाचा आंबटपणा कमजोर होतो. भुरी या बुरशीजन्य रोगासाठीची गंधकाची फवारणी काढणीच्या किमान महिनाभर आधी थांबवावी. मण्यांवर उरलेल्या गंधकापासून यीस्ट सडक्या अंड्याचा वास तयार करते. इतर औषधांसाठी लेबलवरील काढणीपूर्व कालावधी पाळावा. पाणी एकदम तोडू नये, पण काढणीच्या तोंडावर भरपूरही देऊ नये.

नमुना घेताना चांगले दिसणारे घडच उचलायचा मोह होतो. तो टाळून वेगवेगळ्या ओळींतून, वेलीच्या दोन्ही बाजूंनी, घडाच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या भागातून मिळून सुमारे 200 मणी घ्यावेत. सुरुवातीला आठवड्यातून एकदा, शेवटी दर दोन-तीन दिवसांनी. ब्रिक्स 20 ते 22, आम्लता लिटरला 7 ते 9 ग्रॅम आणि पीएच 3.0 ते 3.3 हा पट्टा चांगला. तिन्ही आकडे एकत्र जुळतीलच असे नाही. ब्रिक्स 19.5 असताना आम्लता 7.5 वर येऊन घसरत असेल, तर माझ्या मते थांबू नये, माल काढावा. सुमारे 17 ग्रॅम साखरेतून एक टक्का अल्कोहोल होते, त्यामुळे अल्कोहोल थोडे कमी राहील इतकेच. या वाइनला ते उलट शोभते. मालाचा दर नुसत्या ब्रिक्सवर ठरत असेल, तर करारात आम्लतेचाही निकष घालून घ्यावा. नाहीतर माल वेलीवर थांबवण्याचा दबाव येतोच.

काढणी पहाटेच्या गारव्यात करावी. क्रेट उथळ असावेत, कुजके घड बागेतच बाजूला काढावेत आणि माल त्याच दिवशी प्रेसमध्ये जावा. हलक्या दाबाने निघालेला रस वेगळा ठेवावा. शेवटच्या दाबाच्या रसाचा पीएच जास्त असतो आणि त्यात कडवटपणा उतरतो. रस थंड ठेवून एक दिवस निवळू द्यावा, मग 12 ते 15 अंशांवर सावकाश आंबवावा. यीस्टला उपयोगी नायट्रोजन लिटरला 150 मिलिग्रॅमच्या खाली असेल तर पुरवणी द्यावी.

खरी कसोटी किण्वन, म्हणजे आंबणे, थांबवताना लागते. यीस्ट ग्लुकोज आधी खाते, म्हणून शेवटी उरते ती बहुतेक फ्रुक्टोज आणि ती जिभेला जास्त गोड लागते. कागदावरच्या आकड्यावर विसंबू नये, चाखून ठरवावे. टाकी गार करायला घेतली तरी किण्वन लगेच थांबत नाही, काही ग्रॅम साखर तोवर संपते. म्हणून हव्या त्या गोडीच्या थोडे आधीच गार करायला घ्यावे, शून्याच्या आसपास न्यावे, तळाला बसलेल्या गाळावरून वाइन काढावी आणि ती टिकवण्यासाठी सल्फर डायऑक्साइड द्यावा. पीएच 3.2 असेल तर मुक्त सल्फर डायऑक्साइड लिटरला 21 मिलिग्रॅमच्या आसपास लागतो, पीएच 3.5 झाला तर तेवढ्याच संरक्षणाला 40 लागतो. आम्लता सांभाळल्याचा हा दुसरा फायदा. साखर रिफ्रॅक्टोमीटरने, म्हणजे ब्रिक्स मोजण्याच्या उपकरणाने, मोजू नये, अल्कोहोल आल्यावर तो चुकीचे आकडे देतो. रिड्यूसिंग शुगरची, म्हणजे उरलेल्या ग्लुकोज-फ्रुक्टोजची, चाचणी करावी.

गार करण्याची सोय तोकडी असेल तर दुसरी वाट सोपी. वाइन पूर्ण ड्राय, म्हणजे साखर जवळजवळ संपेपर्यंत, होऊ द्यावी आणि निर्जंतुक करून राखलेला गोड रस बाटलीत भरण्याआधी मिसळावा. लिटरला 200 ग्रॅम साखरेचा रस 6 टक्के घातला की 12 ग्रॅम गोडी येते. छोट्या उत्पादकाने हीच वाट धरावी असे मला वाटते, कारण गोडी किती ठेवायची हे शांतपणे ठरवता येते.

कोणत्याही वाटेने गेलात तरी भरताना 0.45 मायक्रॉनच्या मेम्ब्रेन फिल्टरमधून गाळणे टाळू नये. बाटलीत पुन्हा किण्वन होऊ नये म्हणून घालतात ते पोटॅशियम सॉर्बेट यीस्टला मारत नाही, फक्त वाढू देत नाही. शिवाय लॅक्टिक जीवाणू राहिले असतील तर त्यातून जिरेनियमच्या पानांसारखा वास येतो आणि तो काढता येत नाही. भरल्यावर काही बाटल्या दोन-तीन आठवडे 25 ते 30 अंशांच्या उबेत ठेवून पाहाव्यात. गढूळपणा दिसला किंवा उघडताना वायू सुटला, तर बाकीचा माल बाहेर न पाठवता पुन्हा गाळून भरावा.