गार्डचा स्विच रोज असा तपासा
भोसरीतल्या प्रेस शॉपमध्ये मेंटेनन्सला आहे. पाळी लागली की आधी गार्डचा, म्हणजे प्रेस मशीनच्या संरक्षक झाकणाचा, स्विच बघतो. मशीन रिकामं चालवा, गार्ड उघडा. कॉन्टॅक्टर (मोटरची वीज जोडणारा-तोडणारा स्विच) ‘खट्’कन सुटलाच पाहिजे. मोटर बंद झाली तरी फ्लायव्हील, म्हणजे मशीनचं जड चाक, फिरत राहतं, ते पूर्ण थांबेपर्यंत हात आत नको! गार्ड परत लावल्यावर मशीन आपोआप सुरू होता कामा नये, स्टार्ट बटण दाबावंच लागलं पाहिजे.

गार्ड लावलेला असतानाच स्विचमधून सर्किट पूर्ण होतं, म्हणून वायर तुटली तरी मशीन थांबतं.

गार्ड लावला की त्यावरची जीभ, म्हणजे छोटी पट्टी, स्विचमध्ये शिरते. एकदा गार्ड उघडा असतानाही मशीन चालावं म्हणून स्विचमध्ये सुटी जीभ खुपसून तेलकट चिंधीनं बांधलेली सापडली. पोरं घाईत होती. मी मशीन बंदच ठेवलं. अशी जीभ दिसली की काढा, सुपरवायझरला दाखवा.