लायसन्सच्या अर्जातली लष्करभरतीची ओळ: या चुका टाळा

अमेरिकेत अठरा ते पंचवीस वयाचा मुलगा लायसन्स काढायला, रिन्यू करायला किंवा ‘रिअल आयडी’ (देशांतर्गत विमानप्रवासाला चालणारं ओळखपत्र) घ्यायला डीएमव्हीत, म्हणजे राज्याच्या वाहन परवाना कार्यालयात, जातो, तेव्हा बहुतेक राज्यांच्या अर्जात खाली बारीक टायपात सिलेक्टिव्ह सर्व्हिसबद्दल एक ओळ असते. वेळ पडलीच तर सक्तीची लष्करभरती कोणातून करायची, याची यादी ठेवणारी ही केंद्र सरकारची संस्था. सक्तीची भरती १९७३ मध्ये थांबली, पण नावनोंदणी १९८० मध्ये पुन्हा सुरू झाली आणि आजही चालू आहे. नाव नोंदवलं म्हणजे सैन्यात गेलं असं नाही. संसदेने नवा कायदा केल्याशिवाय कोणालाही बोलावता येत नाही. तरी घरोघरी आईवडील ती ओळ वाचून दचकतात, नाहीतर न वाचताच मुलाला सही करायला सांगतात. घोळ दोन्हीकडून होतात.

सगळ्यात महागात पडणारा घोळ म्हणजे दोन चौकटींची गल्लत. लायसन्सच्या त्याच अर्जात मतदार नोंदणीचाही प्रश्न असतो. नुकतंच ग्रीनकार्ड मिळालेला मुलगा विचार करतो, ‘मी नागरिक नाही, म्हणजे दोन्हींना नाही.’ मतदानाच्या बाबतीत हे अगदी बरोबर आहे. तिथे चुकून ‘हो’ म्हणणं म्हणजे नागरिक असल्याचा खोटा दावा ठरू शकतो आणि त्यापायी ग्रीनकार्डही धोक्यात येतं. सिलेक्टिव्ह सर्व्हिसचं मात्र उलट आहे. तिथे नागरिकत्वाची अट नाही. ग्रीनकार्डवाले, आश्रय मागणारे, अगदी कागदपत्रांशिवाय राहणारे, या सगळ्या पुरुषांना अठरा ते पंचवीस वयात नोंदणी बंधनकारक आहे. सूट आहे ती एफ-१ (विद्यार्थी), एच-१बी (नोकरी), एच-४ (एच-१बीवाल्यांचे कुटुंबीय) अशा तात्पुरत्या व्हिसावर वैध राहणाऱ्यांना, आणि तीही व्हिसाची स्थिती अखंड टिकली तरच. म्हणून डीएमव्हीत जाण्याआधी घरीच ठरवून घ्या: मतदार नोंदणीला काय उत्तर, सिलेक्टिव्ह सर्व्हिसला काय. काउंटरवर मागे रांग उभी असताना हे सुचत नाही.

दुसरी चूक सहीवर विसंबण्याची. टेक्सससारख्या राज्यात या वयातल्या मुलाने लायसन्सचा अर्ज केला, की नोंदणीला त्याची संमती आहे असं धरलं जातं आणि माहिती तिकडून सिलेक्टिव्ह सर्व्हिसकडे पाठवली जाते. काही राज्यांत खूण करून पर्याय निवडावा लागतो, काही राज्यांत अशी जोडणीच नाही. पण माहिती पाठवली म्हणजे नोंदणी झालीच असं नव्हे. सोशल सिक्युरिटी नंबर (अमेरिकेतला सरकारी ओळख क्रमांक) नसेल, तो चुकीचा पडला असेल किंवा नाव जुळलं नाही, तर गाडं अडतं आणि घरी कोणाला पत्ताही लागत नाही. माझ्या मते पावती हातात येईपर्यंत नोंदणी झाली असं धरूच नये. एसएसएस डॉट जीओव्ही या सरकारी संकेतस्थळावर आडनाव, सोशल सिक्युरिटी नंबर आणि जन्मतारीख टाकली की सिलेक्टिव्ह सर्व्हिस नंबर दिसतो. तो दिसला की पान छापून पासपोर्टच्या फाइलमध्ये ठेवा. दिसला नाही तर तिथल्या तिथे स्वतः नोंदणी करा. सोशल सिक्युरिटी नंबर नसेल तर टपालाने फॉर्म पाठवता येतो. हे सगळं फुकट आहे, पैसे मागणारी साइट दिसली तर बंद करा.

शोधून नाव सापडलं नाही म्हणून लगेच घाबरू नका. आपल्या नावांचा गुंता इथे नडतो. पासपोर्टवर मुलाचं आणि वडिलांचं नाव एकत्र ‘गिव्हन नेम’मध्ये, लायसन्सवर वडिलांचं नाव मधल्या रकान्यात, आणि आडनावाचा रकाना पासपोर्टात कोराच असला तर शेवटचं नाव कुठलं हेच ठरत नाही. लायसन्सवर जे आडनाव छापलंय त्याने आधी शोधा, मग पासपोर्टवरच्याने. जन्मतारखेत महिना आधी टाकायचा. चार जुलै आणि सात एप्रिल यांची अदलाबदल फार सहज होते.

सोळाव्या वर्षी गाडी शिकायचं परमिट काढलं होतं, मग आता काळजी नाही, असंही अनेक घरांत धरून चालतात. तेव्हा मुलगा नोंदणीच्या वयाचा नव्हता. राज्याने ती माहिती अठरा पूर्ण झाल्यावर पाठवली की नाही, हे तपासल्याशिवाय कळत नाही. नियम अठराव्या वाढदिवसापासून तीस दिवसांच्या आत नोंदणीचा आहे, आणि लायसन्सचं नूतनीकरण एकविसाव्या वर्षी आलं तर मधली तीन वर्षं कोरी जातात. उशिरा केलेली नोंदणी सव्विसाव्या वाढदिवसापर्यंत स्वीकारतात. त्यानंतर नाही.

पत्त्याचं थोडक्यात: लायसन्सवर पत्ता बदलला म्हणजे सगळीकडे बदलला असं होत नाही. सिलेक्टिव्ह सर्व्हिसला दहा दिवसांत वेगळं कळवायचं असतं, आणि नागरिक नसलेल्यांना इमिग्रेशन खात्यालाही दहा दिवसांतच वेगळं.

पुण्या-ठाण्यातल्या घरांसाठी एक गोष्ट, जी कोणी सांगत नाही. मुलगा न्यू जर्सीत जन्मला, चार वर्षांचा असताना सगळे परत आले, आता तो ओसीआय कार्डावर (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं कार्ड) इथेच कॉलेजात जातो. तो अमेरिकी नागरिक आहे, त्यामुळे परदेशात राहत असला तरी नोंदणी त्यालाही लागू आहे. त्याच्याकडे अमेरिकेचं लायसन्स नाही, म्हणजे डीएमव्हीचा मार्ग त्याच्यासाठी बंदच. त्याने भारतातला पत्ता देऊन स्वतः नोंदणी करायची. पुढे तिकडे केंद्र सरकारची नोकरी करायची झाली तर हे अडतं.

व्हॉट्सअॅपवर अजून फिरणारा एक जुना नियम सोडून द्या: केंद्राची शैक्षणिक मदत आता या नोंदणीवर अवलंबून नाही. काही राज्यांच्या मदतीला मात्र अट अजून आहे. आणि एक नवी बातमी जपून वाचा. डिसेंबर २०२५ मध्ये मंजूर झालेल्या संरक्षण कायद्यात सरकारने स्वतःच मुलांची नोंदणी करायची तरतूद आहे, पण ती कायदा झाल्यावर वर्षभराने, म्हणजे डिसेंबर २०२६ मध्ये, लागू व्हायची असं त्यात ठरलं. ज्याचा सव्विसावा वाढदिवस त्याआधी येतो, त्याने वाट पाहत बसण्यात काही अर्थ नाही.

सव्विस उलटून गेलीच असतील तर? कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड लिहिलेला आहे, पण प्रत्यक्षात अडचण येते ती नागरिकत्वाच्या एन-४०० अर्जात. सव्विस ते एकतीस वयात, नोंदणी जाणूनबुजून टाळली नव्हती हे अर्जदाराला पटवून द्यावं लागतं. एकतिशीनंतर हा मुद्दा सहसा आड येत नाही. नोंदणी बंधनकारक होती की नव्हती हे सांगणारं ‘स्टेटस इन्फर्मेशन लेटर’ सिलेक्टिव्ह सर्व्हिसकडून मागवता येतं आणि ते अर्जाला जोडतात. जो मुलगा सव्विसाव्या वाढदिवसापर्यंत सलग एफ-१ किंवा एच-४ वर होता, त्याला सूट होती. पण ते सिद्ध करायला जुने आय-२० (कॉलेजने विद्यार्थी व्हिसासाठी दिलेले फॉर्म), आय-९४ (अमेरिकेत प्रवेशाची नोंद) आणि रद्द झालेले पासपोर्ट लागतात, नेमके घर बदलताना रद्दीत जाणारे कागद. वर्षवार लावून ठेवा. मधल्या एखाद्या सेमिस्टरचा आय-२० हरवला असेल, तर कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडे प्रत मिळते का ते आधी विचारा आणि मगच ते पत्र मागवा.