सी डिफच्या टॉक्सिन किटची पारख कशी करायची

सी डिफ (क्लोस्ट्रिडिऑइडिस डिफिसाइल) हा टॉक्सिन म्हणजे विष सोडून जुलाब करणारा आतड्यातला जंतू. त्याचं नवीन किट आलं की कंपनीचा माणूस आधी सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे खऱ्या पॉझिटिव्हपैकी किती टक्के किट पकडतं याचा, आकडा सांगतो, पण तो कशाच्या तुलनेत काढलाय ते पहिलं विचारा. टॉक्सिन ए-बी चा एलायझा किंवा रॅपिड कार्ड शौचातलं टॉक्सिन पकडतं, पीसीआर मात्र टॉक्सिनचा जीन पकडतो, आणि जीन सापडला म्हणजे टॉक्सिन बनतंयच असं नाही, नुसता कॅरियर (आजार नसताना जंतू बाळगणारा) असलेला पेशंटही पॉझिटिव्ह येतो. जीडीएच (या जंतूचं एक एन्झाइम शोधणारी टेस्ट) तर टॉक्सिन न बनवणाऱ्या स्ट्रेनलाही पॉझिटिव्ह येतं. म्हणून पीसीआरला रेफरन्स (तुलनेची प्रमाण टेस्ट) धरून टॉक्सिन किटला नापास करू नका.

टॉक्सिनसाठी खरा रेफरन्स सेल सायटोटॉक्सिसिटी न्यूट्रलायझेशन. शौचाचा गाळलेला अर्क पेशींवर टाकायचा, 24 आणि 48 तासांनी बघायचं, पेशी गोल झाल्या आणि अँटिटॉक्सिन (टॉक्सिन निकामी करणारं द्रव्य) घातलेल्या वेलमध्ये, म्हणजे प्लेटच्या खळग्यात, जशाच्या तशा राहिल्या तरच पॉझिटिव्ह. दोन्हीकडे गोल झाल्या तर कारण वेगळं आहे, तो रिझल्ट धरू नका.

सॅम्पल फक्त पातळ शौचाचं घ्या, डब्याचा आकार घेईल असं. वर्षाच्या आतली बाळं वगळा, त्यांच्यात आजार नसतानाही टॉक्सिनवाले जंतू सापडतात. जुलाब होण्यासाठीचं औषध (लॅक्सेटिव्ह) चालू असलेले पेशंटही नकोत. आणि हे फार जपा: टॉक्सिन रूम टेंपरेचरला टिकत नाही, वॉर्डात दुपारभर पडून राहिलेला डबा किटला उगाच बदनाम करतो. 2 ते 8 डिग्रीत आणा, लगेच करणार नसाल तर छोटे भाग करून उणे 70 ला ठेवा, पुन्हा पुन्हा वितळवू नका.

किट आणि रेफरन्स, दोन्ही टेस्ट सगळ्या सॅम्पलवर करा, आणि कार्ड वाचणाऱ्याला दुसरा रिझल्ट माहीत नसावा. न जुळलेलीच सॅम्पल परत तपासली तर किट आहे त्यापेक्षा चांगलं दिसतं, हे अजूनही सर्रास चालतं आणि ते चूकच आहे. पॉझिटिव्ह फक्त 20 असतील आणि 18 पकडले तर 90 टक्के लिहून मोकळं होऊ नका, खरी रेंज साधारण 70 ते 97 आहे.

शेवटी तुमच्याकडचं प्रमाण बघा. सेन्सिटिव्हिटी 90 टक्के, स्पेसिफिसिटी (खऱ्या निगेटिव्हपैकी किती निगेटिव्हच येतात) 96 टक्के धरली आणि 1000 सॅम्पलमध्ये 50 खरे पेशंट असतील तर 45 खरे आणि 38 खोटे पॉझिटिव्ह, म्हणजे जवळपास निम्मे खोटे. 200 खरे असतील तर 180 खऱ्यांमागे खोटे 32 च. त्यामुळे कोणाचं सॅम्पल घ्यायचं हे वॉर्डाशी बोलून आधी ठरवा, किटची ऑर्डर नंतर.