मैत्रीत गुण उधळले जाऊ नयेत म्हणून

नांदेडला एम.ए. भूगोलाच्या वर्गात मी क्षेत्रभेटीचे अहवाल विद्यार्थ्यांनाच एकमेकांचे तपासायला देते. त्यासाठी आधी रुब्रिक हवं, म्हणजे निकष आणि प्रत्येक निकषाच्या गुणांच्या पातळ्या सांगणारा तक्ता. निकष चारच ठेवा; दहा ठेवले की लेकरं डोळे झाकून आकडे भरतात.

खरी मेहनत पातळ्यांच्या वर्णनात आहे. ‘उत्तम’, ‘बरा’ असं लिहिलं की प्रत्येकाचं उत्तम वेगळं. डोळ्यांना दिसेल ते लिहा. जायकवाडीवरच्या अहवालासाठी ‘पुरावा’ या निकषाखाली माझ्याकडे असं आहे: ३ गुण, प्रत्येक विधानामागे आकडा आणि तो कुठून घेतला तेही; २ गुण, आकडे आहेत पण कुठले ते कळत नाही; १ गुण, ‘पाणीटंचाई वाढली आहे’ एवढंच.

मग नाव काढलेला एखादा जुना अहवाल सगळ्यांना द्या. प्रत्येकाने न बोलता गुण द्यायचे, ते फळ्यावर मांडायचे. एकाच निकषाला कुणी ३ आणि कुणी १ दिला असेल, तर तिथलं वर्णन दुरुस्त करा. पोर्शन कितीही राहिलेला असो, हा तास वाचवू नका.

प्रत्यक्ष तपासताना नावाऐवजी क्रमांक. (अक्षर ओळखतातच, म्हणून अहवाल टाइप करून घ्या.) एका अहवालाला तिघे तपासनीस, आणि मधला गुण धरायचा. रूममेटने १२ पैकी १२ दिले, बाकीच्यांनी ६ आणि ७, तर सरासरी ८ च्या वर जाते. मधला गुण ७ वरच राहतो.

सोबत एक ओळ सक्तीची: कोणत्या पानावर काय बदलावं. ‘छान आहे’ लिहिलेला कागद मी परत देते.