टाळेबंदीत गावात दारू मिळेनाशी झाली, तर भजनी मंडळाने काय करावे

२५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली, दारूची दुकाने बंद झाली आणि रोज पिणाऱ्या असंख्य माणसांची दारू उपचाराविना एकाएकी तुटली. अशा वेळी भजनी मंडळाला पहिला मोह होतो तो त्या माणसाच्या गळ्यात तुळशीची माळ घालण्याचा. तो आवरावा. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक थांबल्यास पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान भ्रम होऊन, समोर नसलेली माणसे दिसू लागून, जिवावर बेतू शकते. हे शपथेने थांबत नाही, औषधाने थांबते.

म्हणून आधी आशाताईंना सोबत घेऊन पिणाऱ्यांची घरे लक्षात घ्यावीत आणि प्रत्येक माळकऱ्याकडे दोन-तीन घरे सोपवावीत. मात्र ही नावे देवळाच्या फळ्यावर किंवा व्हॉट्सॲपच्या गटावर कधीही जाऊ नयेत. रोज अंगणातूनच, मास्क लावून विचारपूस करावी. बशीत चहा ओतताना हात थरथरून तो सांडत असेल, घाम फुटत असेल, रात्रभर डोळा लागला नसेल, तर त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालय गाठावे; बोलणे असंबद्ध झाले किंवा फिट आली, तर १०८ वर फोन करावा. नाक्यावर गाडी अडू नये यासाठी पोलीस पाटलांना आधीच सांगून ठेवावे.

एप्रिल २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील वणी येथे दारू न मिळाल्याने सॅनिटायझर प्यायलेली माणसे दगावली. देवळाच्या दाराशी त्याची बाटली ठेवण्यापेक्षा साबण आणि पाणी ठेवलेले बरे.

औषधोपचारानंतरची संध्याकाळ सर्वांत अवघड, कारण पिण्याची वेळ तीच असते. देवळे बंद असली तरी त्या वेळी सर्वांना एकत्र फोनवर जोडून भजन करता येते. फोनवर टाळ-मृदंगाचा मेळ बसत नाही, आवाज मागेपुढे पोहोचतो. तेव्हा एकाने म्हणावे आणि इतरांनी आपापल्या घरी मागे म्हणावे. रोज सर्वांना फोन जोडण्याचे काम शक्यतो दारू सुटलेल्या त्या माणसाकडेच द्यावे. कीर्तनात मात्र त्याचा दाखला देऊ नये, नाव न घेताही. गावात कोणाबद्दल बोलणे चालले आहे हे सर्वांना कळते. पुढील सल्ल्यासाठी १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय क्रमांक त्याच्या पत्नीलाही द्यावा.

माळेचा विषय त्याने स्वतः काढला तरच बोलावे, आणि माळ घातल्यावर तो पुन्हा प्यायला, तर ती उतरवण्याची सक्ती न करता दुसऱ्या दिवशीच्या भजनाला त्याला नेहमीप्रमाणे फोन करावा.